वाळवंटात गाडी बंद पडली तर : बॅगनोल्ड, शेव्हरोले आणि अकरा नंबरचा सेट

या व्याख्यानमालेत आपण बहुतेक वेळा राजे, लढाया आणि तह यांच्याबद्दल बोलतो. आज आम्ही एका ट्रकबद्दल बोलणार आहोत. नेमकं सांगायचं तर त्या ट्रकमध्ये काय काय बिघडायचं आणि ते कसं दुरुस्त व्हायचं, याबद्दल. विषय गॅरेजचा वाटेल, पण थोडा धीर धरा. दुसऱ्या महायुद्धात लिबियाच्या वाळवंटात एक छोटं पथक होतं, लाँग रेंज डेझर्ट ग्रुप. शत्रूच्या मागे शेकडो मैल आत जाऊन टेहळणी करायची आणि परत यायचं, हे त्याचं काम. या पथकाच्या पराक्रमाच्या गोष्टी खूप लिहिल्या गेल्या. पण ही माणसं परत कशी येत होती, हा प्रश्न आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. आणि त्याचं उत्तर बरंचसं रेडिएटर, कमानपाटे, बॅटरी आणि एरियलच्या तारेत सापडतं.

आधी जागा समजून घेऊ. लिबियाचं वाळवंट म्हणजे इजिप्त, लिबिया आणि सुदान या तिघांत पसरलेला भूभाग. तिथे गेलेल्या माणसांनी त्याची तुलना आपल्या भारताच्या आकाराशी केलेली आहे. त्यात विहिरी बोटांवर मोजण्याइतक्या. रस्ता नाही, खुणेचं झाड नाही. अशा ठिकाणी गाडी बंद पडली तर ढकलत कुठे नेणार? माणशी दिवसाला सहा पाइंट, म्हणजे साधारण साडेतीन लिटर पाणी. पिणं, चहा, स्वयंपाक सगळं त्यात. तेव्हा बिघाड किती वेळात सापडतो, हा तिथे जगण्यामरण्याचा हिशेब होता.

आता माणूस. राल्फ बॅगनोल्ड. ब्रिटिश लष्करातला अधिकारी. सुरुवात इंजिनीअर्समध्ये, नंतर सिग्नल्स, म्हणजे बिनतारी संदेशांचं खातं. हे लक्षात ठेवा, कारण गाडी आणि रेडिओ या दोन्हींची जाण एकाच माणसात असणं पुढे फार उपयोगी पडलं. १९२०च्या दशकात त्याची नेमणूक इजिप्तमध्ये होती. सुट्टी मिळाली की तो आणि त्याचे मित्र स्वतःच्या खर्चाने फोर्ड गाड्या घेऊन वाळवंटात जायचे. १९२७ मध्ये मॉडेल टी घेऊन ते सीवाच्या मरूद्यानापर्यंत गेले. नंतर मॉडेल ए आली, ती घेऊन ज्याला 'महावाळूसागर' म्हणतात त्या टेकड्यांमध्ये ते शिरले. १९३५ मध्ये बॅगनोल्डचं 'लिबियन सँड्स' हे पुस्तक आलं. पुढे वाऱ्याने वाळू कशी हलते यावर त्याने शास्त्रीय ग्रंथ लिहिला, तो १९४१चा, आणि भूगोलाचे अभ्यासक तो आजही वाचतात.

या सुट्ट्यांत गाड्या वारंवार अडकायच्या, तापायच्या, मोडायच्या. बॅगनोल्डची सवय अशी की एकदा झालेला बिघाड पुढच्या प्रवासाच्या तयारीत आधी धरायचा. दहाएक वर्षं हे चाललं. आणि मग जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली. मध्यपूर्वेचे सरसेनापती वेव्हेल यांनी बॅगनोल्डला त्याचं स्वतःचं पथक उभं करायला परवानगी दिली. हाताशी वेळ किती? जेमतेम सहा आठवडे! सहा आठवड्यांत वाळवंटाची गाडी नव्याने शोधून काढता येत नाही. ती आधीच शोधलेली होती, म्हणून जमलं. माणसं मिळाली न्यूझीलंडच्या सैन्यातून. त्यातले बरेच शेतकरी. यंत्र बिघडलं तर स्वतः उघडून बघायची सवय असलेले लोक.

गाडी कोणती घेतली, हेही ऐकण्यासारखं आहे. आज आपण ऑफरोड म्हटलं की चारही चाकांना ताकद देणारी गाडी डोळ्यांसमोर आणतो. यांनी घेतला साधा व्यापारी शेव्हरोले ट्रक, तीस हंड्रेडवेटचा, म्हणजे कागदावर दीड टन ओझ्याचा. ताकद फक्त मागच्या चाकांना. १९४१ मध्ये त्यांना चार चाकी ताकदीचे फोर्ड ट्रक मिळाले. वाळूत ते जोरकस, पण वजनाने जड आणि पेट्रोलला अधाशी. पेट्रोल जास्त लागतं म्हणजे पेट्रोल वाहून न्यायलाही जास्त लागतं, आणि त्या ओझ्याने गाडी आणखी पेट्रोल पिते. शिवाय इंजीन इतकं मागे, चालकाच्या पायांशी, की केबिनमध्ये भट्टी. १९४२ मध्ये कॅनडात बनलेले नवे शेव्हरोले आले आणि पथक परत दोन चाकी ताकदीकडे गेलं. लांबच्या पल्ल्याला हलकी गाडी बरी, हे त्यांनी पेट्रोलच्या हिशेबाने ठरवलं.

चला, आता बिघाडांकडे येऊ. पहिला आणि रोजचा बिघाड म्हणजे गाडी तापणं.

मऊ वाळूत गाडी खालच्या गिअरमध्ये चालते. इंजीन जोरात फिरतं, पण गाडीचा वेग कमी, म्हणून समोरून वारा लागत नाही. त्यात वारा मागून असेल तर बघायलाच नको. रेडिएटर उकळतो आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून वाफ बाहेर जाते. आपण घाटात काय करतो? थांबतो, गार होऊ देतो, बाटलीतलं पाणी ओततो. वाळवंटात ते पाणी कुणाच्या तरी पिण्याचं असतं. बॅगनोल्ड मंडळींनी उपाय काढला तो इतका साधा की ऐकून हसू येतं. रेडिएटरचं झाकण घट्ट बंद. ओव्हरफ्लोच्या नळीला रबरी नळी जोडून ती बाहेर बांधलेल्या एका डब्यात नेली. डबा अर्धा पाण्याने भरलेला, नळीचं टोक पाण्याच्या तळाशी. वाफ डब्यात जाते, गार पाण्यात विरते आणि तिचं पुन्हा पाणी होतं. डब्यातलंही पाणी उकळू लागलं की समजायचं, आता थांबायला हवं. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करायचं आणि वाट बघायची. रेडिएटर थंड होऊ लागला की आत पोकळी तयार होते, आणि डब्यातलं सगळं पाणी गुडगुड आवाज करत आपोआप परत आत ओढलं जातं. पाणी जवळजवळ वाया जात नाही.

पण याचा दुसरा फायदा बघा. हा डबा बिघाड ओळखायचं साधनही झाला. डबा उकळला आणि थांबल्यावर पाणी परत गेलं नाही, तर कुठेतरी हवा शिरतेय : झाकण सैल आहे, नळी चिरली आहे किंवा रेडिएटर गळतोय. सपाट, कठीण जमिनीवर चांगला वेग असूनही डबा उकळला, तर दोष वाळूचा नाही. मग पंख्याचा पट्टा बघा, तेल बघा, इंजिनाचं टायमिंग बघा. मीटर नव्हते, पण एका डब्यावरून एवढं कळायचं.

दुसरा बिघाड, खरं तर अपघात : रुतणं. गाडी रुतली की नवखा चालक काय करतो? ॲक्सिलरेटर दाबतो. चाक जागेवर फिरतं, वाळू उपसतं आणि गाडी थेट ॲक्सलवर टेकते. यांचा नियम उलटा. चाक फिरतंय असं वाटलं की लगेच थांबायचं. मग चाकांपुढची वाळू फावड्याने उतरती काढायची आणि चाकाखाली लोखंडी पन्हळी सारायच्या. या पन्हळी बॅगनोल्डला कैरोच्या भंगारबाजारात मिळाल्या होत्या. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छप्पर घालायला त्या बनवलेल्या. छपराचं लोखंड वाळूतला रस्ता झालं! शिवाय टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि भार जास्त जागेवर वाटला जातो. मात्र खडकाळ जमीन आली की हवा परत भरायलाच हवी. कंटाळा केला तर टायरची बाजू दगडाने फाटते. म्हणजे रुतण्यावरचा उपाय विसरला तर त्यातून टायर फाटण्याचा बिघाड जन्माला येतो. असं पुष्कळदा होतं, गॅरेजमध्येही आणि इतिहासातही.

तिसरं, कमानपाटे. दीड टनाच्या गाडीवर पेट्रोल, पाणी, दारूगोळा, मशीनगन, माणसं आणि काही आठवड्यांचं अन्न मिळून दोन टन किंवा त्याहून जास्त ओझं चढायचं. वर दगडगोट्यांची जमीन. पाट्याचं पान तुटणं ठरलेलंच. म्हणून निघण्याआधीच पाट्यांना जादा पानं घालत आणि सुटे पाटे सोबत घेत. प्रत्येक तुकडीत एक फिटर आणि त्याच्या सामानाचा ट्रक असे. मुक्कामाला पोचल्यावर इतरांचा चहा सुरू व्हायचा आणि चालक आपापल्या गाडीखाली सरकायचा. नट सैल झालाय का, पानाला चीर गेलीय का, तेल कुठे ओघळलंय. तुटलेलं पान दुरुस्त करण्यापेक्षा चिरलेलं पान संध्याकाळी सापडणं स्वस्त पडायचं.

चौथं, गाडी सुरूच होत नाही किंवा चालता चालता मिसिंग करते. आपल्याकडचा कुठलाही जुना मेकॅनिक दोन प्रश्न विचारतो : पेट्रोल येतंय का आणि करंट येतोय का? हेच दोन प्रश्न तिथेही. पेट्रोलचं म्हणाल तर सुरुवातीला ते पातळ पत्र्याच्या चार गॅलनच्या डब्यांतून यायचं. हे डबे धक्क्यांनी फुटत, गळत. डबा उघडताना वाळू आत जायची, ती गाळणीत आणि कार्बुरेटरच्या जेटमध्ये अडकायची. जर्मनांचे मजबूत 'जेरीकॅन' हाती लागले की ब्रिटिश सैनिकांना लॉटरी लागल्यासारखं वाटायचं, ते उगाच नव्हे. दुसरी गोष्ट उष्णतेची. पेट्रोलची नळी किंवा पंप फार तापला तर आतच पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत राहतो. दुपारी बंद पडलेली गाडी संध्याकाळी काही न करता सुरू होते, ती बहुधा याच कारणाने. ओलं फडकं पंपावर टाकलं तरी काम होतं. करंटचं म्हणाल तर प्लग, पॉइंट आणि बॅटरीची टोकं. पॉइंटवर बारीक धूळ बसली की ठिणगी कमजोर. आधी स्वच्छ करायचं, मग बदलायचं. क्रम महत्त्वाचा, कारण सुटे भाग मोजके होते आणि शंका मात्र अमर्याद.

इथवर गाडी झाली. आता रेडिओ. कारण गाडी उत्तम चालली आणि रेडिओ बंद पडला, तर या पथकाचा उपयोग काय? बघितलेलं कळवताच आलं नाही तर बघून फायदा नाही. पण गंमत म्हणजे रेडिओ मार्ग शोधण्यासाठीही लागायचा.

ते कसं ते सांगतो. दिवसा दिशा ठरवायला सूर्यहोकायंत्र होतं, बॅगनोल्डने सुधारलेलं. आडव्या तबकडीच्या मध्ये सुई, तिची सावली अंशांवर पडते. साधा चुंबकी होकायंत्र गाडीच्या लोखंडाने चुकतो, म्हणून ही युक्ती. रात्री थिओडोलाइट लावून तारे बघायचे आणि आपली जागा काढायची. त्यासाठी अचूक वेळ लागते. पृथ्वी फिरते त्या हिशेबाने घड्याळ चार सेकंद चुकलं तर रेखांश एक कला चुकतो. लिबियाच्या त्या अक्षांशावर ती चूक होते सुमारे पावणेदोन किलोमीटर. मिनिटभर चुकलं तर पंचवीस किलोमीटर! म्हणून रेडिओच्या ट्रकवर वेळेचे संकेत ऐकायला वेगळा रिसीव्हर ठेवलेला असे. म्हणजे रिसीव्हर बिघडला तर घड्याळ भरवशाचं राहत नाही, जागा चुकते, आणि विहीर सापडत नाही.

संदेशाचा सेट होता लष्कराचा 'नंबर ११'. तो बनवला होता थोड्या मैलांच्या बोलण्यासाठी. या लोकांनी त्यावरून मोर्सने हजार मैलांच्या पलीकडे संदेश पाठवले. सेट तोच, मग फरक कशाने पडला? एरियलने आणि वेळेच्या निवडीने. मुक्कामाला सतरा फुटी दोन खांब उभे करून मध्ये तार ताणायची. ही तार किती लांब, ते तुम्ही कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलताय त्यावर ठरतं. पाच मेगासायकल म्हणजे साठ मीटरची लहर, तर तार तिच्या निम्मी, तीस मीटरच्या आसपास.

आता 'आवाज येत नाही' हा बिघाड घ्या. ऑपरेटर काय करेल? सेट उघडणं हे शेवटचं काम. आधी बॅटरी : भारित आहे का, टोकांवर पांढरी बुरशी आहे का. मग कळ, म्हणजे मोर्सची की. तिच्या दोन टोकांत वाळूचा एक कण आला तरी टिंब-रेघ तुटक जाते. मग अर्थची जोडणी, मग एरियलची. दिवसभराच्या धक्क्यांनी व्हॉल्व्ह खाचेतून सैल होतात, ते नीट बसवायचे. एवढं करूनही शांतता असेल तर सेटला दोष न देता आकाशाकडे बघायचं. शॉर्टवेव्हच्या लहरी जमिनीलगत थोड्याच अंतरावर विरतात. लांब जातात त्या वरच्या वातावरणाच्या विद्युतभारित थरावरून परतून. या दोन्हींच्या मध्ये एक मुकी पट्टी राहते. तुम्ही मुख्यालयापासून नेमके त्या पट्टीत असाल तर सेट ठणठणीत असूनही काही ऐकू येणार नाही, आणि दोनशे मैल आणखी लांब गेल्यावर स्पष्ट येईल! दिवसा चालणारी फ्रिक्वेन्सी रात्री चालेलच असं नाही. ज्याला हे ठाऊक नाही तो चांगला सेट उघडतो आणि मग तो खरंच बिघडवतो.

आणि एक नातं विसरू नका. संदेश बहुधा गाडी थांबवून पाठवायचे. त्याने एक त्रास वाचतो. चालू इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर रिसीव्हरमध्ये येते, ती बंद होते. पण इंजीन बंद म्हणजे बॅटरी नुसती खर्च होते. रेडिओ आणि स्टार्टर एकाच बॅटरीवर असतील तर रात्री लांबलेला संदेश सकाळी हँडल मारायला लावतो. डायनॅमोचा पट्टा सैल असेल तर पहिली तक्रार कदाचित रेडिओचा ऑपरेटर करेल, चालक नाही. म्हणून आम्ही म्हणतो की गाडीचा बिघाड आणि रेडिओचा बिघाड हे दोन वेगळे विषय नव्हते.

मंडळी, हे सगळं ऐकून असं वाटू नये की हुशारी असली की सगळं निभतं. ३१ जानेवारी १९४१. पॅट क्लेटन, बॅगनोल्डचा जुना वाळवंटी सहकारी, न्यूझीलंडची टी तुकडी घेऊन कुफ्राच्या दक्षिणेला होता. जेबेल शरीफच्या खडकांत इटालियन मोटार तुकडी आणि विमानांनी त्यांना गाठलं. तीन ट्रक जळाले, क्लेटन पकडला गेला, बाकीचे ट्रक निसटले. चार माणसं खडकांत लपून राहिली. मूर, ईस्टन, विंचेस्टर आणि टाय. त्यातला टाय हा तुकडीचा फिटर. दुरुस्त करणारा हात होता, पण दुरुस्त करायला गाडी नव्हती. रेडिओ नव्हता. ते गेले किंवा पकडले गेले, असा इतरांचा समज. पाणी दोन गॅलनपेक्षाही कमी, तेही गोळीने भोक पडलेल्या डब्यात. भोक बुजवून घेतलं आणि ते दक्षिणेकडे गाड्यांच्याच चाकोऱ्यांवरून चालू लागले. दोघे जखमी होते, मूरच्या पायाला आणि ईस्टनच्या गळ्याला. वाटेत साराची विहीर, पण इटालियनांनी ती बुजवून टाकलेली. टाय तिथेच पडक्या झोपड्यांच्या आसऱ्याला राहिला. मूर दहा दिवसांत सुमारे २१० मैल चालला आणि फ्रेंच सैनिकांना सापडला तेव्हाही चालतच होता. तिघे वाचले. ईस्टन सापडला खरा, पण त्याच संध्याकाळी गेला.

गाडी आणि रेडिओ दोन्ही गेल्यावर वाळवंटात माणसाची किंमत काय उरते, ते या दहा दिवसांत दिसतं. मागे राहिलेल्या त्या चाकोऱ्याच त्यांच्या कामी आल्या. आणि रोज संध्याकाळी गाडीखाली सरकणारे चालक कशासाठी सरकत होते, तेही कळतं.

आपल्याशी याचा एक धागा आहे. डिसेंबर १९४१ मध्ये याच धर्तीवर 'भारतीय लाँग रेंज स्क्वॉड्रन' उभी राहिली आणि १९४२ मध्ये या ग्रुपच्या हाताखाली आली. तिच्यात दुसरी लान्सर्स, अकरावी आणि अठरावी कॅव्हलरी या घोडदळी परंपरेच्या रेजिमेंटांमधले जवान होते. जाट, राजपूत, शीख आणि मुस्लिम अशा तुकड्या. यातल्या दुसरी लान्सर्स आणि अठरावी कॅव्हलरी आज भारतीय चिलखती दलात आहेत, ज्या दलाचं केंद्र आपल्या अहिल्यानगरला, जुन्या अहमदनगरला आहे. घोड्याच्या टाचेत खडा आहे का, हे रोज बघणाऱ्या परंपरेतले लोक ट्रकखाली सरकू लागले. त्यांच्याबद्दल मराठीत जवळजवळ काही लिहिलं गेलेलं नाही. ते काम कुणीतरी हाती घ्यावं.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडे या पथकाचा एक शेव्हरोले ट्रक आहे. 'वाइकाहा' हे त्याचं नाव. युद्धात तो वाळवंटात सोडून दिला होता. चाळीसेक वर्षांनी तो सापडला, १९८० च्या दशकात बाहेर काढला गेला. संग्रहालयाने त्याला रंग दिला नाही, पत्रा बदलला नाही, जसा सापडला तसा ठेवला. वाळूने घासलेला, गंजलेला सांगाडा. बघणाऱ्याला तो भंगार वाटेल. पण आज आपण जे बोललो ते मनात ठेवून कुणी त्याच्यासमोर उभं राहिलं, तर आधी बोनेटकडे बघा, मग पाट्यांकडे. कुणीतरी तिथे हात घातला होता, आणि परत जायचं होतं म्हणून घातला होता.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.